चाक किती फिरतं आणि आत्ता कुठे आहे?



पाचवीच्या वर्गात गुणाकाराचं एक साधं उदाहरण चालू होतं. एक पंखा एका मिनिटात ३०० फेरे घेतो, तर ५ मिनिटांत किती? सगळ्यांनी १५०० लिहिलं, मी टिकमार्क करत पुढे निघाले, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पण ते तीनशे मोजले कुणी?"

मी म्हटलं, "मीटर असतो, तो मोजतो." असं उत्तर आपण सगळेच कधी ना कधी देतो. मूल गप्प बसतं आणि आपला तास पुढे सरकतो. पण या मुलीचे वडील साखर कारखान्यात टर्बाइनवर फिटर आहेत. तिने ते उत्तर घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "बाईंना विचार, मीटरला कसं कळतं?" मला नीट सांगता येईना. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचार केला नव्हता. मग पुढचे आठ-दहा दिवस आम्ही हाच विषय धरला. वर्गात काय केलं, कुठे अडलं, ते इथे मांडतेय. साहित्य फार नाही. एक सायकल, जुनी लग्नपत्रिका, दोरा, एक नट आणि मोबाइल.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. फिरणाऱ्या दांड्याला कारखान्यात शाफ्ट म्हणतात. तो मिनिटाला किती फेरे घेतो याला आरपीएम. एकाच साखर कारखान्यात उसाचा रस काढणारे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात, आणि तिथेच वीज तयार करणाऱ्या टर्बाइनचा शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. रोलरचे फेरे आपण बोटांवर मोजू. टर्बाइनचे? ते तर डोळ्यांना फिरताना दिसतसुद्धा नाही. गुळगुळीत शाफ्ट फिरतोय की उभा आहे, हे नुसत्या नजरेने कळत नाही. मुलांना पेन्सिल तळहातांत धरून फिरवायला सांगा. साधी गोल पेन्सिल असेल तर फिरणं दिसत नाही. तिच्यावर स्केचपेनने एक ठिपका काढला की लगेच दिसतं. सगळ्या मोजमापाचं मूळ त्या ठिपक्यात आहे.

सायकलवर केलेला प्रयोग

सायकल उलटी ठेवली, सीट आणि हँडल खाली. पुढच्या चाकाच्या फोर्कला कपड्याच्या चिमट्याने लग्नपत्रिकेचा तुकडा असा लावला, की रिमजवळ त्याची कड स्पोकना घासेल. चाक हाताने फिरवलं की टरर्र आवाज. हा खेळ सगळ्यांनी लहानपणी केलाय, मुलांनाही माहीत असतो. आमच्या चाकात ३२ स्पोक होते (मुलांनी तीन वेळा मोजले, तीन उत्तरं आली, चौथ्यांदा दोरा बांधून मोजले). म्हणजे ३२ वेळा 'टक' झालं की एक फेरा पूर्ण.

मग पत्रिका जरा मागे घेतली, स्पोकला लागणार नाही इतकी. एकाच स्पोकला जाड पुठ्ठ्याची पट्टी घट्ट बांधली. आता एका फेऱ्याला एकच टक. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. रेकॉर्डिंगची जी नागमोडी रेघ दिसते तिच्यात प्रत्येक टकला एक उंच शेंडा येतो. दोन शेंड्यांमधला वेळ अर्धा सेकंद असेल तर सेकंदाला दोन फेरे, मिनिटाला १२०. चाक हळू होत जातं तसे शेंडे लांब लांब जातात. हे बघताना मुलं अगदी शांत झाली होती. वेग हळूहळू कमी होणं त्यांनी पहिल्यांदाच कागदावरच्या चित्रासारखं पाहिलं.

मग मी विचारलं, "३२ टक बरे की एक टक?" वर्गाचे दोन गट पडले, आणि गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. कारखान्यातही दोन्ही वापरतात.

शाफ्टवर दात असलेलं चाक बसवतात आणि त्याच्यासमोर, न टेकता, एक सेन्सर ठेवतात. दात समोरून गेला की सेन्सरमध्ये विजेचा छोटा ठोका उमटतो. या चाकाला बऱ्याचदा मुद्दाम ६० दात ठेवतात. का, ते मुलांना विचारून बघा, सुंदर गणित आहे. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. प्रत्येक फेऱ्याला ६० दात, म्हणजे सेकंदाला २५ गुणिले ६०, पुन्हा १५००! एका सेकंदात जितके ठोके, तितकाच मिनिटाचा आकडा. ६० ने भागणं आणि ६० ने गुणणं एकमेकांना खाऊन टाकतात. आणि हळू फिरणाऱ्या रोलरलाही दात उपयोगी पडतात. चार फेऱ्यांचा रोलर, एकच खूण असेल तर १५ सेकंदांनी एक टक देईल, तोवर वेग बदलला तरी कळणार नाही. ६० दात असतील तर दर सेकंदाला चार ठोके मिळतील.

हे मोजणं नुसतं माहितीसाठी नाही. टर्बाइनवर जनरेटरचा भार असतो. तो भार अचानक सुटला आणि वाफ येतच राहिली तर टर्बाइन काही सेकंदांत सुसाट पळतं, आणि फार पळालं तर त्याचे तुकडे होतात. म्हणून ठरलेल्या वेगाच्या साधारण दहा टक्के वर गेलं की वाफ आपोआप तोडतात. ३००० चं टर्बाइन असेल तर ३३०० च्या आसपास. आता सेन्सरच बिघडला तर? म्हणून मोठ्या यंत्रांवर एकाऐवजी तीन सेन्सर असतात आणि तिघांतले दोघे जे सांगतील ते खरं मानतात. आमच्या स्पोकच्या मोजणीतही शेवटी हेच करावं लागलं असतं!

मग एक खूण कशाला?

इथे विषयाचा दुसरा भाग येतो, तो मलाही नवीन होता. ३२ स्पोकच्या आवाजावरून वेग छान कळतो. पण आत्ता चाकाचा कोणता भाग वर आहे? ते सांगता येत नाही, कारण सगळे टक सारखेच. पुठ्ठ्याच्या एका टकवरून मात्र सांगता येतं. टक झालं त्या क्षणी पट्टी पत्रिकेसमोर आहे, हे नक्की.

मुलांना हे समजावताना मी भजनाचा आधार घेतला. आमच्या गावात भजनी मंडळ आहे, निम्म्या मुलांचे आजोबा त्यात आहेत. लय म्हणजे ठेका किती जलद चाललाय. आणि सम म्हणजे आवर्तन जिथून सुरू होतं ती जागा. टाळ कितीही लयीत वाजवा, सम सापडली नाही तर तुम्ही चुकलातच, हे मुलांना सांगावं लागत नाही. तीनताल घ्या, १६ मात्रा. पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर खाली. वर्गात दोन गट केले, दोघांनी एकाच लयीत १ ते १६ मोजायचं आणि एकवर टाळी द्यायची. पण दुसऱ्या गटाने पहिल्या गटाच्या नऊवर सुरुवात करायची. वेग अगदी सारखा, तरी टाळ्या समोरासमोर. आवर्तन म्हणजे एक पूर्ण फेरा, ३६० अंश. एक मात्रा साडेबावीस अंशांची. आठ मात्रांचा फरक १८० अंशांचा. या फरकाला फेज म्हणतात.

फेज हा शब्द आपल्या घरातलाच आहे, फक्त आपण त्याच्याकडे बघत नाही. "थ्री फेज आली का?" असं शेतकरी विचारतो, तेव्हा तारांमधले तीन प्रवाह एकाच लयीत, सेकंदाला ५० वेळा, मागेपुढे होत असतात, पण प्रत्येकाची सम दुसऱ्यापासून एक तृतीयांश फेऱ्याने, १२० अंशांनी, सरकलेली असते. हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, "मग सिंगल फेजवर मोटर का चालत नाही?" तो तास वेगळा होईल, पण प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय.

यंत्रावर सम दाखवायला शाफ्टवर एकच खाच ठेवतात. बहुतेक शाफ्टना चावी बसवायची खाच असतेच, तीच वापरतात. तिच्यासमोर साधारण एक-सव्वा मिलिमीटर अंतरावर सेन्सर. खाच समोर आली की अंतर एकदम वाढतं आणि ठोका मिळतो, फेऱ्याला एकच. अमेरिकेतल्या बेंटली नेवाडा कंपनीने याला की-फेजर नाव दिलं, आणि आपल्याकडचे फिटरही सर्रास तेच नाव घेतात. की म्हणजे चावी, हे मला मुलीच्या वडिलांनी सांगितलं तेव्हा कळलं.

पाचवी-सहावीला जमेल असं गणित बघा. १५०० चा शाफ्ट. एक फेरा ४० मिलिसेकंदांत. ३६० भागिले ४०, म्हणजे दर मिलिसेकंदाला ९ अंश. खाचेचा ठोका पडला आणि त्यानंतर १० मिलिसेकंदांनी शाफ्ट सगळ्यात जास्त हादरला. तर हादरा खाचेच्या किती अंश मागे? ९०. मिलिसेकंद म्हणजे काय हे फळ्यावर एकदा करून दाखवलं की मुलं सहज सोडवतात. एवढ्या भागाकारावर कारखान्यातलं एक मोठं दुखणं शोधलं जातं, ते असं.

जड बाजू कुठली?

उलट्या सायकलच्या रिमला एका जागी ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळून घट्ट बांधा. (नट बांधू नका. निसटला तर गोफणगुंड्यासारखा जाईल.) चाक हळू सोडलं की फडकं खाली येऊन थांबतं. जोरात फिरवलं की सायकल थडथडते. ज्यांच्या घरी वॉशिंग मशीन आहे त्यांना हा थडथडाट ओळखीचा असेल, कपडे एका बाजूला गोळा झाले की होतो तोच. कारखान्यात शाफ्टच्या एका बाजूला काही ग्रॅम वजन जास्त झालं तरी असंच होतं, बेअरिंग झिजतात. उपाय सरळ वाटतो, जड बाजूच्या समोर तेवढंच वजन लावा. पण जड बाजू कुठली?

जुने कारागीर फिरत्या शाफ्टजवळ खडू हळूच न्यायचे. शाफ्ट ज्या बाजूला बाहेर येतो तिथे खडूची रेघ उमटते. मग वाटतं, बाहेर आली तीच जड बाजू. मीही तेच म्हणाले असते. पण हे कायम खरं नसतं, आणि का नसतं ते वर्गात दाखवता येतं. माझ्या मते सगळ्या धड्यात हा भाग सर्वांत मोलाचा आहे, याला घाई करू नका.

२५ सेंटिमीटर दोऱ्याला नट बांधा. हा लंबक स्वतःच्या तालाने साधारण सेकंदाला एक झोका घेतो. आता दोरा धरलेला हात डावी-उजवीकडे अगदी थोडा, तीन-चार सेंटिमीटर, हलवायचा. आधी खूप हळू. नट हाताबरोबर जातो, हात उजवीकडे तर नटही उजवीकडे. मग सेकंदाला एकदा. नट वाढत वाढत मोठे झोके घेऊ लागतो, आणि नीट बघितलं तर हाताच्या पाव झोका मागे असतो. मग हात आणखी भरभर हलवा. झोके लहान होतात, आणि नट हाताच्या उलट! हात उजवीकडे, नट डावीकडे. मुलांना हे एकदा सांगून पटत नाही, प्रत्येकाला दोरा हातात द्या. आमच्याकडे एकाला जमेना. तो हात भरभर हलवताना लांबही हलवत होता. कोपर बाकावर टेकवल्यावर जमलं.

शाफ्टचंही असंच असतं. त्याला स्वतःचा एक ताल असतो. त्याच्या खाली फिरताना जड बाजू बाहेर येते. नेमक्या त्या वेगाला हादरा सर्वांत मोठा, आणि बाहेर आलेली बाजू जड बाजूच्या ९० अंश मागे. त्या वेगाच्या बऱ्याच वर गेलं की हादरा कमी होतो, पण आता हलकी बाजू बाहेर आणि जड बाजू आत, १८० अंश. शाफ्ट आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतो. तेव्हा खडूच्या रेघेवर विश्वास ठेवून समोर वजन लावलं, तर ते जड बाजूवरच बसेल आणि दुखणं दुप्पट होईल. म्हणून नुसता हादरा किती ते पुरत नाही, खाचेपासून किती अंशांवर तेही हवं, आणि वेग वाढताना ते अंश कसे बदलत गेले तेही.

भल्याभल्यांना हे कोडं पडलं होतं. १८६९ साली रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरने असा निष्कर्ष काढला, की त्या वेगापलीकडे शाफ्ट चालूच शकत नाही. पुढे वीस वर्षांच्या आत स्वीडनच्या दे लाव्हालने बारीक लवचीक शाफ्टचं टर्बाइन त्या वेगापलीकडे नेऊन चालवून दाखवलं, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत. दुधातून साय वेगळी काढणाऱ्या फिरत्या यंत्रासाठी प्रसिद्ध झालेला दे लाव्हाल तो हाच. ते का चालतं याचा हिशेब जर्मनीच्या फेप्लने १८९५ मध्ये मांडला, आणि इंग्रजीत तो १९१९ मध्ये जेफकॉटच्या लेखामुळे सर्वांपर्यंत गेला. आधी चाललं, मग समजलं. मुलांना असं सांगायला मला आवडतं.

फसवी नजर

आता एक गोष्ट पालकांसाठी मुद्दाम. खूण बघायची आणखी एक रीत आहे, लुकलुकणारा दिवा. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच दिवा चमकला तर खूण दरवेळी त्याच जागी दिसते आणि फिरता शाफ्ट उभा वाटतो. अमेरिकेत एजर्टनने १९३०च्या सुमारास असे दिवे विजेच्या मोटरी तपासायला वापरले. यात एक खोच आहे. दोन फेऱ्यांना एकदा चमकवलं तरी शाफ्ट उभाच दिसतो. म्हणून चमकण्याचा वेग वरून खाली आणत यायचं, आणि एकच खूण स्थिर दिसेल असा जो पहिला वेग सापडेल तो खरा मानायचा. (मोबाइलवरची अशी ॲप वर्गात वापरण्याआधी कुणाला फिट येण्याचा त्रास आहे का हे पालकांना विचारा. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना झटका येऊ शकतो.)

पण असे दिवे आपल्या आसपास न मागताही असतात. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. लेथच्या चार जबड्यांच्या चकचा हिशेब करा. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे, गुणिले ४ जबडे, बरोबर १००. चक फिरतोय, डोळ्याला उभा. १४४० ने फिरत असेल तर सेकंदाला ९६ जबडे, आणि चक सावकाश उलटा फिरतोय असं वाटतं. माझा भाऊ पूर्वी ज्या वर्कशॉपमध्ये होता तिथे संध्याकाळच्या पाळीला एकाने बुरा झटकायला हात घातला. दोन बोटं गेली. तो म्हणाला, मला वाटलं थांबतंय. अशा ठिकाणी शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडतात, म्हणजे सगळे एकदम मंद होत नाहीत. तिथे तसं केलेलं नव्हतं.

आपल्या मुलांच्या घरी कडबा कुट्टी आहे, पिठाची गिरणी आहे. मी वर्गात एवढंच ठरवून दिलंय, डोळ्याला थांबलेलं दिसलं तरी आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आणि मोठ्या माणसाने मेन स्विच काढेपर्यंत जवळ जायचं नाही. तुम्हीही घरी सांगा.

शेवटच्या दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. हातात छोटा टॅकोमीटर आणि चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा. पंखा बंद करून एका पात्याला पट्टी लावली, पंखा चालू केला, खालून किरण धरला. आकडा आला २६८. पुस्तकातल्या ३०० च्या बरंच जवळ, म्हणून टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "आता दुसऱ्या पात्यालाही लावू." पंखा थांबवून लावली, पुन्हा चालू. आकडा ५३६.

"बघा मॅडम, तुमचा पंखा दुप्पट पळायला लागला," ते हसत म्हणाले. पोरं वर बघत राहिली. मागच्या बाकावरून तीच मुलगी ओरडली, "नाही पप्पा, त्याला दोन समा ऐकू येतायत!"